तळ्यात शिरवलेली पाने

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मला शेवट नाही. लेखकाने तो लिहिलाच नाही असे समजू नका. त्याने लिहिला होता, छापखान्याने छापला होता आणि काही वर्षे तो माझ्या अंगाला शिवलेलाही होता. आता तो एका तळ्याच्या गाळात आहे. हे कसे झाले ते सांगायला मी बसले आहे. ऐकून मन रमेल असे त्यात काही नाही, पण तुम्ही वाचणारी माणसे आहात, तुम्हाला ते ठाऊक असायला हवे.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. मोठ्या कागदावर सोळा पाने एकदम छापायची, कागदाला घड्या घालायच्या आणि त्या घडीच्या जुडग्याला फर्मा म्हणायचे, अशी तिथली रीत. असे फर्मे एकावर एक रचून, दोऱ्याने शिवून माझे शरीर तयार झाले. वर काळे मुखपृष्ठ चढले. त्यावर लाल अक्षरांत माझे नाव होते, 'काजळतळे'. नावावरूनच कळेल की मी गोड गोष्ट नव्हते.

माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. एका राजाची मुलगी वारते. तिच्या आठवणीने राजा एक तळे खोदतो. एक म्हातारा नावाडी त्याला सांगतो की या पाण्याखाली मेलेल्यांचे गाव आहे. वर कोणी रडले की खालच्यांच्या डोक्यावर ओंजळभर गाळ पडतो आणि त्यांना हलता येत नाही. अकराव्या अध्यायाच्या शेवटी नावाडी म्हणतो, 'खालचे माणूस सुटायचे असेल, तर वरच्याने खाली उतरून त्याची जागा घ्यावी लागते.' मग येतो बारावा अध्याय. राजा खाली उतरतो. तिथे गाव नसते, घरे नसतात, मुलगी नसते. नावाडी खोटे बोललेला असतो, दुःखी माणसांना पाण्यात ओढून तोच जगत असतो. मुलगी केव्हाच मोकळी झालेली असते. राजा वर येतो, तळ्याचे दार उघडतो आणि ते पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, सोडून देतो.

हा बारावा अध्याय नेमका एका फर्म्यात मावला होता. छापणाऱ्यांना त्याचे फार कौतुक वाटले. अकरावा अध्याय एका फर्म्याबरोबर संपतो, बारावा दुसऱ्याबरोबर सुरू होतो, एकही पान कोरे जात नाही. मलाही तेव्हा ते छानच वाटले होते.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीजवळ पुस्तकांची दुकाने लागतात. तिथून मला संघदीप नावाच्या तरुणाने विकत घेतले. आमगावला त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान, आणि तिथून थोडे आत त्याचे गाव. गावातल्या विहाराला लागून एक खोली होती. तिथे त्याने लोखंडी कपाट ठेवून वाचनालय काढले होते. कोणीही यावे, कोणतेही पुस्तक न्यावे. मी त्या कपाटात उभी राहिले आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

तुम्हाला वाटत असेल की पुस्तक एकच असते. छे! जितके हात, तितकी मी वेगळी झाले. तिरोड्याच्या विजेच्या कारखान्यात कामाला जाणारा ओमेश मला डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेला. तिसऱ्या अध्यायात मेलेली माणसे बोलायला लागली तसे त्याने मला मिटले. दिवसभर कोळसा पाहायचा आणि वाचायलाही अंधारच का, असे म्हणून त्याने मला परत आणून दिले. त्याच्या डब्यातल्या वरणाचा एक पिवळा डाग अजून माझ्या अंगावर आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामे करणारा दुर्गाप्रसाद मात्र माझ्या प्रेमातच पडला. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांत गावोगाव नाटके होतात, तेव्हा हा नावाडी आपणच रंगवायचा, असे त्याने ठरवून टाकले. आरशासमोर उभा राहून तो नावाड्याची वाक्ये म्हणायचा आणि मधेच थांबून स्वतःवरच खूश व्हायचा. त्याची तक्रार एकच होती, एवढ्या मोठ्या भूमिकेला लेखकाने एकही गाणे कसे दिले नाही.

खुद्द संघदीपला मी अर्धीच आवडले. भुते, तळे, गाळ हे सारे त्याला अंधश्रद्धेचे दुकान वाटायचे. पण बारावा अध्याय त्याने कितीदा वाचला असेल! खाली कोणी नाही, कोणी अडकलेले नाही, माणूस आपल्याच दुःखाला घर बांधून देतो, हे त्याला मनापासून पटले होते. जो कोणी मला न्यायला यायचा त्याला तो एकच गोष्ट बजावायचा, 'बाकी कसंई वाच, पण शेवट नीट वाचजा. सारं शेवटीच हाय.' हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

आणि मग मी चैतराम गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी निवृत्त शिक्षक. गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. शब्दाला पक्के, हाताचे स्वच्छ. शाळेत असताना फाटकी पुस्तके खळ लावून नीट करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी मला आरामखुर्चीत बसून, चष्मा पुसून पुसून वाचले. अकराव्या अध्यायापर्यंत ते माझ्यात बुडाले होते. वर रडले की खाली गाळ पडतो, हे वाचून त्यांनी डोळे टिपले. त्यांची पत्नी पार्वताबाई गेल्याला बरीच वर्षे झाली होती. दर पितृपक्षात ते तिच्या नावाचे पान वाढायचे, तिला आवडते म्हणून त्यावर पातोडीची भाजी ठेवायचे आणि कावळा येईपर्यंत उन्हात उभे राहायचे.

मग त्यांनी बारावा अध्याय वाचला. 'खाली कोणीच नव्हते.' त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. पुन्हा वाचला, पुन्हा वाचला. कुठे तरी लेखकाची चूक सापडेल म्हणून एकेक वाक्य ते पोरांच्या उत्तरपत्रिकेसारखे तपासत होते. चूक सापडली नाही. खाली कोणी नसेल तर इतकी वर्षे मी पान कुणापुढे ठेवले, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होता. त्यांचा राग धर्मासाठी होता असे लोक पुढे म्हणाले. मी जवळून पाहिले आहे, तो राग नव्हता. त्यांना फार लागले होते.

दुसऱ्या दिवशी संघदीपच्या दुकानात ते त्याच्याशी वाद घालून आले. संघदीप म्हणाला की शेवट तेवढा राहू दिला तरी चालेल, बाकी सारे फाडून टाका. गुरुजी म्हणाले की बाकी सारे सोन्यासारखे आहे, तो शेवटच विष आहे. एकाला माझा फक्त शेवट हवा होता आणि दुसऱ्याला शेवट सोडून सगळे. त्यातल्या एकाच्या हातात मी होते.

घरी येऊन गुरुजींनी ब्लेडने माझी शिवण उसवली. शेवटचा फर्मा अगदी अलगद निघाला, एक कोपराही फाटला नाही. मग त्यांनी ताजी खळ शिजवली, मागे एक कोरा कागद चिकटवला आणि खाकी कागदाचे नवे कव्हर घातले. माझ्यात अनुक्रमणिका नाही. अकरावा अध्याय पानाच्या तळाशी पूर्णविरामावर संपत होता. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटावे की गोष्ट इथेच संपली.

ती सोळा पाने त्यांनी जाळली नाहीत. अक्षर म्हणजे सरस्वती, ते चुलीत कसे घालायचे? जुन्या पोथीची पाने जशी पाण्यात सोडतात, तशी गुरुजींनी माझी पाने हळद-कुंकू लावून, दगडाला बांधून गावच्या तलावात शिरवली. शिरवणे म्हणजे आदराने पाण्यात सोडणे, आमच्याकडे गणपतीही शिरवतात. त्यांनी वर हातही जोडले. मी परत आले तेव्हा संघदीपने नवे कव्हर पाहिले, खळीचा वास घेतला आणि वाद विसरून गुरुजींनी पुस्तक दुरुस्त करून दिले म्हणून त्याला बरे वाटले. त्याने मला उघडून पाहिले नाही.

त्याच वर्षी, धानाची रोवणी आटोपल्यावर, रेणू मला घेऊन गेली. रेणू म्हणजे भातगिरणीत कामाला असणाऱ्या प्रफुल्लची बायको. संघदीपने तिलाही सवयीने सांगितले, 'वहिनी, शेवट नीट वाचजा. सारं शेवटीच हाय.'

रेणूच्या घरात एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेले असे. ती तिची सासू, धुरपताबाई. धुरपताबाईची लेक मंजू आदल्या वर्षी तलावात बुडाली होती. शिंगाडे काढायला गेली, वेलीत पाय गुंतला आणि वर आलीच नाही. तिला त्या दिवशी धुरपताबाईनेच पाठवले होते. तेव्हापासून बाईने बोलणे सोडले होते आणि जेवणही सोडल्यासारखेच होते. रेणू ताट ठेवायची आणि तसेच्या तसे उचलायची.

एका दुपारी रेणू चुलीजवळ बसून मला वाचत होती. एकटीने वाचताना ओठ हलवून पुटपुटायची तिला सवय होती. 'तळे' हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि भिंतीकडचे तोंड वळले.

"कोणाचं तळं वं?" धुरपताबाईने विचारले.

किती तरी महिन्यांनी ती बोलली होती. रेणूला रडू फुटायचेच बाकी होते. ती ताट घेऊन सासूसमोर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. पान संपले की थांबायची. धुरपताबाईने घास खाल्ला तर पुढचे पान. पानाला घास, असा दोघींचा करारच झाला. मित्रांनो, माझ्यासारख्या अंधाऱ्या कादंबरीने एका माणसाला जेवायला लावले, यापेक्षा मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. काही दिवसांत बाई केस विंचरू लागली, अंगणात येऊन बसू लागली. प्रफुल्लने रेणूला म्हटले की तुझ्या त्या पुस्तकाने माय परत आणली.

श्रावण लागला होता. घरोघरी पोथ्या उघडल्या होत्या. धुरपताबाईला वाचता येत नव्हते. जन्मभर तिने फक्त पोथ्याच ऐकल्या होत्या. कादंबरी म्हणजे कोणी तरी मनाने रचलेली गोष्ट, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिने विचारलेही नाही. श्रावणात समोर बसून मोठ्याने वाचतात ती पोथी, एवढे तिला पक्के ठाऊक होते. तिने मला मंजूच्या लाल ओढणीत बांधले, पाटावर ठेवले, माझ्या खाकी कव्हरवर कुंकवाचे बोट लावले. वाचण्याआधी ती हात जोडायची. रेणूला हसू आले, पण तिने ते दाबले. बिचारीला बरे वाटते आहे तर वाटू दे, असा तिने विचार केला. यात तिचे काय चुकले? मला तरी ते अजून सांगता येत नाही.

अकरावा अध्याय वाचून झाला. खालचे माणूस सुटायचे असेल, तर वरच्याने खाली उतरून त्याची जागा घ्यावी लागते. रेणूने पान उलटले. पुढे गुरुजींचा कोरा कागद होता.

"संपलं, माय," रेणू म्हणाली.

"पोथी अशी नाई संपत. शेवटी फळ सांगतेत."

रेणूलाही शेवट विचित्र वाटला होता. पण तिला संघदीपचे बोलणे आठवले आणि तिने ते जसेच्या तसे सांगितले, की सारे शेवटीच आहे. धुरपताबाईने मान हलवली. मग तिने तो शेवटचा अध्याय पुन्हा वाचून घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती ताटातले सगळे संपवायची. तिचा चेहरा शांत झाला होता. घरातले सारे सुटकेचा निःश्वास टाकत होते आणि मी पाटावर पडून माझ्या तुटलेल्या शिवणीकडे पाहत होते. आम्हाला पाने असतात, तोंड नसते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी गावात भुजल्या निघतात. टोपल्यांत अंधारात वाढवलेले गव्हाचे पिवळे कोवळे अंकुर डोक्यावर घेऊन बाया गाणी म्हणत तलावावर जातात आणि त्या पाण्यात शिरवतात. मंजू गेल्यापासून धुरपताबाईने तलावाचे तोंड पाहिले नव्हते. त्या दिवशी तीही निघाली. नवे लुगडे नेसली. रेणूला तर आनंद झाला. तिने सासूच्या कपाळावरचा घाम पुसून टोपली तिच्या डोक्यावर दिली. टोपलीत अंकुरांखाली ओढणीत गुंडाळलेली मी होते. पोथीची समाप्तीही आजच करते, असे धुरपताबाई म्हणाली होती.

भुजल्या शिरवून झाल्या, अंकुर एकमेकींच्या हातात देऊन झाले, बाया परतल्या. धुरपताबाईने रेणूला पुढे जायला सांगितले, शेजारणीसोबत येते म्हणाली. शेजारणीला वाटले की ती रेणूसोबत गेली. पाळीवर, तलावाच्या बांधावर, आम्ही दोघीच उरलो. ऊन अजून होते. तिने मला दगडावर ठेवले, ओढणीची गाठ नीट केली, हात जोडले.

"मंजू, तू वर ये बाई," ती म्हणाली. "मी येऊन राहिली."

आणि ती पायऱ्या उतरली. पुढचे मी सांगणार नाही.

तिला बाहेर काढले तेव्हा तिच्या पायांना गाळ लागला होता. लोकांनी मलाही दगडावरून उचलून घरी आणले. सारे दिवस-कार्य झाल्यावर अंगणात माणसे बसली आणि बोलणे माझ्यावर आले. कोणी म्हणाले, हे पुस्तकच करणीचे आहे. दुर्गाप्रसादने तो नावाडी आता कधी रंगवणार नाही असे सांगितले. ओमेश म्हणाला, आपण तर तिसऱ्यातच मिटले होते. रेणू कोणाशी बोलत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, अगदी सासूच्या जागी. आपणच वाचून वाचून मायला पाण्यात लोटले, हे तिच्या मनाने घेतले होते. प्रफुल्ल मला चुलीजवळ घेऊन गेला आणि त्याने काडी ओढली.

संघदीपने त्याचा हात धरला. पुस्तकात असे नाही, शेवटी तो नावाडी खोटा ठरतो, असे सांगत त्याने मला घेतले आणि दाखवण्यासाठी शेवट उघडला. कोरा कागद. त्याने मागे पाहिले, पुढे पाहिले. मग त्याचे बोट खळीच्या रेषेवरून फिरले आणि थांबले. चैतराम गुरुजी खांबाला टेकून बसले होते.

"गुरुजी, शेवटचा फर्मा कुठी हाय?"

गुरुजींनी खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही. "तलावात शिरवला," ते म्हणाले.

रेणूने तोंड वळवले.

"काय होतं त्यात?"

संघदीप सांगायला लागला, पण तिने त्याला थांबवले. "तुमी नोका सांगू भाऊ. ज्यानं काढला त्यानं सांगावं."

गुरुजी उठले. खांब धरून उभे राहिले. त्यांना तो अध्याय तोंडपाठ होता. चूक शोधण्यासाठी इतक्यांदा वाचला होता ना. राजा पाण्यात उतरला तिथपासून त्यांनी म्हणायला सुरुवात केली, एकही शब्द न गाळता. 'खाली कोणीच नव्हते' इथे ते थांबले. पार्वताबाईच्या पानासमोर जसे उभे राहायचे, तसेच ते उभे होते. मग त्यांनी पुढे म्हटले, 'मुलगी केव्हाच गेली होती. तिला कोणी धरले नव्हते. तिला सोडवायला कोणाची गरज नव्हती.' राजा वर आला, तळ्याचे दार उघडले, पाणी बांध्यांत गेले. संपले.

"एवढंच होतं?" रेणूने विचारले. "मायले एवढंच ऐकाले पायजे होतं, गुरुजी."

गुरुजी खांब धरून खाली बसले.

आता मी पुन्हा कपाटात आहे. संघदीपने दुसरी प्रत शोधली, पण तो छापखाना बंद पडला आहे आणि माझी भावंडे कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. मला न्यायला आता क्वचितच कोणी येते. जो नेतो त्याने वाचून झाल्यावर गुरुजींच्या ओसरीवर जायचे, असा नियम गुरुजींनी स्वतःच घातला आहे. ते डोळे मिटून त्याला बारावा अध्याय म्हणून दाखवतात. ज्या शेवटाचे त्यांना एक अक्षर नको होते, तो आता शब्दशः फक्त त्यांच्या तोंडात शिल्लक आहे. अलीकडे ते शब्द विसरू लागले आहेत.

मित्रांनो, मी सगळ्यांना आवडावे असा माझा हट्ट नाही. मला कंटाळा, माझ्याशी भांडा, मला मिटून परत द्या, पुन्हा कधी हात लावू नका. मला वाईट वाटणार नाही. पण माझे पान काढू नका. तुम्हाला जे पान नको असते, ते तुमच्या मागून येणाऱ्या कुणाला तरी जगण्यासाठी लागणार असते, आणि तो कोण असेल ते तुम्हाला आधी कळत नाही.

माझी सोळा पाने त्या तलावात आहेत. धुरपताबाई जिथे उतरली, तिथून ती फार लांब नाहीत. तिला सापडली असती तरी उपयोग नव्हता, तिला अक्षर येत नव्हते. ती पाने तिला कोणी तरी वाचून दाखवायला हवी होती.